विश्लेषण : संथ लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवावी का? खर्च कधी वसूल होतो, कधी वाया जातो?

२०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी किंवा घरून काम करण्यासाठी घेतलेले अनेक लॅपटॉप आता दमले आहेत. बटण दाबल्यावर चहा होईपर्यंत यंत्र सुरू होत नाही, ब्राउझर उघडला की पडद्यावर चक्र फिरत राहते. दुरुस्तीच्या दुकानात बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, ‘एसएसडी टाकून घ्या, लॅपटॉप नवा होईल.’ हा सल्ला अनेकदा बरोबर असतो, पण सरसकट नव्हे. काही लॅपटॉपमध्ये एसएसडीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, काहींत पैसे वाया जातात आणि काहींमध्ये वेग वाढवण्याआधी आतील माहिती वाचवण्याची घाई करावी लागते. आपला लॅपटॉप यांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे ठरवायचे कसे, याविषयी…

हार्ड डिस्क संथ का असते?

जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे. आत चुंबकीय थर दिलेल्या चकत्या फिरतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून अत्यंत कमी अंतरावर एक हेड पुढे-मागे सरकत माहिती वाचते. हे तंत्र १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या ‘रामॅक’ या यंत्रापासून चालत आले आहे. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि साठवण ४ एमबीहूनही कमी होती. आज अडीच इंचांच्या डिस्कमध्ये १ टीबी माहिती मावते, पण मूळ तत्त्व तेच आहे.

लॅपटॉपमधील बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. त्यात हेड योग्य जागी सरकण्याचे साधारण १० ते १२ मिलिसेकंद मिळवले, तर विखुरलेली प्रत्येक नोंद वाचायला १५ ते १७ मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला अशा जेमतेम ६० नोंदी होतात. सलग ठेवलेला चित्रपट कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग देते. मात्र चार-चार केबीचे विखुरलेले तुकडे गोळा करताना तिला सेकंदाला १ एमबीचा वेगही अनेकदा गाठता येत नाही. विंडोज सुरू होणे, ब्राउझर उघडणे, अँटिव्हायरसची तपासणी ही सारी कामे अशाच हजारो लहान तुकड्यांची असतात.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. माहिती फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये असते आणि ती वाचायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो. त्यामुळे सेकंदाला हजारो विखुरलेल्या नोंदी वाचता येतात. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेल्यावर लॅपटॉप ‘नवा’ वाटतो, तो यामुळे.

दोष डिस्कचाच आहे, हे कसे ओळखावे?

त्यासाठी कोणतेही विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ विभागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा वापर वेगवेगळा दिसतो. अद्ययावत विंडोज १० आणि ११ मध्ये डिस्कच्या नावाखाली ती एचडीडी आहे की एसएसडी, हेही लिहिलेले असते. लॅपटॉप अडखळत असतानाच हे पान पाहावे.

डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली, प्रोसेसर मात्र निवांत, असे चित्र असेल तर अडथळा डिस्कचा आहे. डिस्कसोबत मेमरीही ८५-९० टक्के भरलेली असेल तर दुखणे दुहेरी असते. रॅम अपुरी पडली की विंडोज काही माहिती तात्पुरती डिस्कवर टाकते आणि गरज पडेल तशी परत उचलते. त्यामुळे डिस्कवरचा भार आणखी वाढतो. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपमध्ये हे हमखास दिसते. अशा वेळी एसएसडीने आराम पडतो, पण रॅम ८ जीबी केल्याशिवाय पूर्ण गुण येत नाही. प्रोसेसरच सतत १०० टक्क्यांवर असेल, तर डिस्क बदलून फारसे काही साधणार नाही. आधी कोणता प्रोग्राम तो खातो आहे, पंखा धुळीने बंद पडून यंत्र तापते आहे का, हे पाहावे.

इंटरनेटचा वेग, व्हिडीओ संपादनातील अंतिम प्रक्रिया किंवा गेममधील दृश्यांचा ओघ हे प्रामुख्याने डिस्कवर अवलंबून नसतात. केवळ यासाठी डिस्क बदलणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

डिस्क बिघडू लागली असेल तर?

तर प्रश्न वेगाचा राहत नाही. लॅपटॉप अचानक मिनिटभर गोठणे, फाइल उघडताना ‘वाचता येत नाही’ असा संदेश येणे, आतून टकटक किंवा खरखर ऐकू येणे, ही डिस्क शेवटच्या टप्प्यात असल्याची लक्षणे असू शकतात. घरातील अनेक वर्षांचे फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प, व्यवसायाची बिले यांची एकमेव प्रत याच डिस्कवर असेल, तर ‘एसएसडी कोणती घ्यावी’ हा विचार बाजूला ठेवून आधी ती माहिती बाहेर काढावी.

डिस्कच्या आत तिच्या प्रकृतीची नोंद ठेवणारी ‘स्मार्ट’ नावाची यंत्रणा असते. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ती वाचता येते. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींकडे लक्ष द्यावे. ०५ म्हणजे खराब झाल्याने डिस्कने बाजूला काढलेल्या जागा, सी५ म्हणजे संशयित जागा आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या जागा. यांच्यासमोरील मूळ आकडा शून्य नसेल आणि दिवसागणिक वाढत असेल, तर डिस्कचा भरवसा धरू नये. उलट ही नोंद स्वच्छ असली म्हणजे डिस्क बिघडणारच नाही, असेही नाही. पूर्वसूचना न देता बंद पडणाऱ्या डिस्कही असतात.

अशा डिस्कवर दुरुस्तीची साधने वारंवार चालवणे धोक्याचे असते, कारण प्रत्येक प्रयत्नात हेड खराब जागांवरून पुन्हा पुन्हा फिरते. जे पुन्हा मिळणार नाही, ते सर्वप्रथम दुसऱ्या डिस्कवर घ्यावे. चित्रपट, गाणी आणि सॉफ्टवेअर शेवटी. टकटक आवाज येत असेल तर लॅपटॉप बंद करून माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांकडे जाणेच योग्य.

कोणत्या लॅपटॉपमध्ये कोणती एसएसडी बसते?

बाजारात मुख्यत्वे तीन प्रकार दिसतात. पहिला, अडीच इंचांची साटा एसएसडी. ती जुन्या हार्ड डिस्कच्या जागीच, त्याच जोडणीवर बसते. तिची जाडी सहसा ७ मिलिमीटर असते. जुन्या लॅपटॉपमधील ९.५ मिलिमीटरच्या खाचेत ती सैल बसू नये म्हणून प्लास्टिकची चौकट लावतात. दुसरा, एम.२ आकाराची साटा एसएसडी आणि तिसरा, एम.२ आकाराचीच पण एनव्हीएमई पद्धतीची. घोळ होतो तो या दोघींत. दोन्ही दिसायला च्युइंगगमच्या पट्टीसारख्या, पण आतील भाषा वेगळी. काही लॅपटॉपची एम.२ खाच केवळ साटा स्वीकारते, काहींची केवळ एनव्हीएमई, तर काहींची दोन्ही. शिवाय लांबी वेगळी असते. पट्टीवर २२८० लिहिलेले असेल तर ती २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते. २२४२ असेल तर लांबी ४२ मिलिमीटर.

म्हणून खरेदीपूर्वी लॅपटॉपच्या तळाशी असलेला नेमका मॉडेल क्रमांक घेऊन निर्मात्याची माहितीपुस्तिका पाहावी. ‘या कंपनीच्या लॅपटॉपला चालते’ एवढे उत्तर पुरेसे नसते, कारण एकाच मालिकेतील दोन मॉडेलमध्ये खाचा वेगळ्या असू शकतात. फार जुन्या यंत्रांत एनव्हीएमई बसली तरी बायॉस तिच्यावरून विंडोज सुरू करू देत नाही.

काही लॅपटॉपमध्ये बदलाला वावच नसतो. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकबुकमध्ये साठवण मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. स्वस्त छोट्या लॅपटॉपमधील आणि अनेक क्रोमबुकमधील ईएमएमसी साठवणही तशीच असते. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर तो उघडण्याआधी अधिकृत सेवा केंद्रात अटी विचारून घ्याव्यात.

एनव्हीएमई घेतली तर आणखी वेग मिळेल?

कागदावर नक्की. साटा जोडणीची मर्यादा सेकंदाला सुमारे ५५० एमबी आहे. एनव्हीएमईमध्ये पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीत सुमारे ३,५०० एमबी, तर चौथ्या पिढीत ७,००० एमबीपर्यंतचे आकडे खोक्यावर दिसतात. पण हे आकडे मोठी फाइल सलग वाचतानाचे असतात. ब्राउझर, वर्ड, टॅली, ऑनलाइन वर्ग अशा रोजच्या वापरात हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर जाताना जो फरक जाणवतो, त्याच्या तुलनेत साटावरून एनव्हीएमईवर जातानाचा फरक किरकोळ असतो. म्हणजे लॅपटॉपमध्ये आधीच साटा एसएसडी असेल आणि जागा पुरत असेल, तर केवळ वेगासाठी ती बदलण्यात अर्थ नाही. मोठ्या व्हिडीओ फाइल रोज हलवणाऱ्यांचा अपवाद. नवी घेतानाच दोन्ही बसत असतील आणि किमतीत फारसा फरक नसेल, तर एनव्हीएमई घ्यावी.

किती क्षमतेची घ्यावी आणि ती किती टिकते?

सध्या किती जागा व्यापली आहे ते पाहून त्याच्या साधारण दीडपट क्षमता घ्यावी, म्हणजे पुढील काही वर्षे पुरते. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग घटतो, त्यामुळे १० ते २० टक्के जागा मोकळी ठेवावी. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते, ती फसवणूक नव्हे. निर्माते १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट मोजतात, विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजते.

जागा अधिक हवी, पण मोठी एसएसडी परवडत नसेल, तर मधला मार्ग आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ती काढून त्या जागी कॅडी नावाची चौकट बसवता येते. एसएसडीवर विंडोज आणि प्रोग्राम, तर कॅडीतील जुन्या हार्ड डिस्कवर चित्रपट, फोटो अशी वाटणी करता येते. अर्थात, जुनी डिस्क निरोगी असेल तरच.

एसएसडी लिहून-लिहून झिजते, हे खरे आहे. म्हणून तिच्या माहितीपत्रकात ‘टीबीडब्ल्यू’ हा आकडा असतो. ५०० जीबीच्या प्रचलित एसएसडींमध्ये ३०० टीबीडब्ल्यू हे प्रमाण आढळते. म्हणजे वॉरंटीच्या हिशेबात तिच्यावर ३०० टीबी माहिती लिहिता येते. रोज २० जीबी लिहिले तरी हा टप्पा गाठायला ४१ वर्षे लागतील. घरगुती वापरात त्याआधी लॅपटॉपच निकाली निघेल. खरी अडचण वेगळी आहे. एसएसडी बिघडते तेव्हा बहुधा आवाज न करता, एकाएकी बिघडते. शिवाय ‘ट्रिम’ या सुविधेमुळे पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता फार कमी असते. त्यामुळे एसएसडी घेतल्यावर बॅकअपची गरज कमी होत नाही, उलट वाढते. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, हा ३-२-१ नियम इथेही लागू पडतो.

विंडोज ११ चा अडसर किती?

अनेकांचा निर्णय इथेच फिरतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठीच्या वाढीव सुरक्षा सुधारणांची मुदत मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ जाहीर केली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, अथवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचा असावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या मोफत प्रोग्राममध्ये आपला लॅपटॉप पात्र आहे की नाही, हे कळते.

एसएसडी बसवल्याने प्रोसेसरची पिढी बदलत नाही. त्यामुळे अपात्र लॅपटॉपवर खर्च करताना तो पुढे कशावर चालणार, हे आधी ठरवावे. बँकेचे व्यवहार, ऑनलाइन खरेदी आणि कार्यालयीन काम त्यावर होणार असेल, तर सुरक्षा सुधारणा न मिळणारी विंडोज जोखमीची आहे. लिनक्स मिंट किंवा उबंटूसारखी मोफत प्रणाली हा पर्याय आहे. ब्राउझर, मराठी टायपिंग, कागदपत्रे आणि व्हिडीओ पाहणे एवढ्यासाठी ती पुरते. मात्र विंडोजवरच चालणारे सॉफ्टवेअर पोटापाण्याचे साधन असेल, तर हा मार्ग सहसा उपयोगाचा नाही.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

फक्त एसएसडीची किंमत पाहून चालत नाही. लागणार असेल तर रॅम, दुकानातील मजुरी, जुनी डिस्क वापरण्यासाठीचे यूएसबी केसिंग आणि बॅटरीने मान टाकली असेल तर तीही, असे सारे एकत्र धरावे. मग ती रक्कम लॅपटॉप आणखी किती महिने चालेल, त्या आकड्याने भागावी. समजा, एकूण खर्च ६,००० रुपये आहे आणि लॅपटॉप आणखी दोन वर्षे चालेल. मग महिन्याला २५० रुपये पडले. ४५,००० रुपयांचा नवा लॅपटॉप पाच वर्षे वापरला तर महिन्याला ७५० रुपये होतात. या उदाहरणात दुरुस्ती स्वस्त आहे. पण बिजागरी तुटलेली, पडद्यावर रेषा आणि प्रणाली कालबाह्य, असा लॅपटॉप आठच महिने टिकणार असेल, तर त्याच ६,००० रुपयांचे महिन्याला ७५० रुपये होतात. तिथे बरोबरी झाली. त्याहून कमी टिकणार असेल, तर पैसे नव्या लॅपटॉपसाठी राखावेत.

फ्लॅश मेमरीचे दर चढ-उताराचे असतात. २०२२-२३ मध्ये ते बरेच उतरले होते, तर २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरची मागणी वाढल्याने चढले. त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी दिलेला दर गृहीत न धरता त्या दिवशीचा दर दोन-तीन ठिकाणी विचारावा. मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातील तपकीर गल्ली असो की ऑनलाइन खरेदी. पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी यांवर तडजोड करू नये. नामांकित १ टीबी एसएसडीच्या निम्म्याहून कमी किमतीत ‘४ टीबी’ची बाह्य डिस्क मिळत असेल, तर ती बनावट असण्याची शक्यता दाट आहे. अशा डिस्क खोटी क्षमता दाखवतात आणि खरी जागा संपली की आधीची माहिती गमावतात.

क्लोन करावे की नव्याने विंडोज टाकावी?

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत. त्यात प्रोग्राम आणि मांडणी जशीच्या तशी येते. टॅली, श्रीलिपी किंवा एखादे जुने लेखा सॉफ्टवेअर वापरणाऱ्या छापखाने आणि दुकानांसाठी हे सोयीचे असते. तरीही काही सॉफ्टवेअरचा परवाना यंत्राच्या सुट्या भागांशी बांधलेला असतो, म्हणून डिस्क बदलण्याआधी विक्रेत्याला विचारून घ्यावे. १ टीबीच्या डिस्कवरून ५०० जीबीच्या एसएसडीवर क्लोन करायचे असेल, तर आधी माहिती कमी करून विभाजने लहान करावी लागतात. डिस्क खराब असेल, तर क्लोन टाळावे. बिघडलेल्या फाइलही नव्या घरात येतात.

अन्यथा नव्याने विंडोज टाकणे अधिक स्वच्छ. त्यासाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. विंडोजचा डिजिटल परवाना प्रामुख्याने मदरबोर्डशी जोडलेला असल्याने केवळ डिस्क बदलल्यामुळे तो सहसा जात नाही. दोन्ही पद्धतींत एक खबरदारी समान आहे. डिस्कवर बिटलॉकर सुरू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी. ती नसेल तर स्वतःचीच माहिती स्वतःला उघडता येत नाही.

काढलेल्या हार्ड डिस्कचे काय करावे?

निरोगी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी वापरता येते. नव्या एसएसडीवर सारे काही नीट उघडते आहे, याची खात्री होईपर्यंत किमान महिनाभर तरी ती पुसू नये. पुढे ती विकायची किंवा कुणाला द्यायची असेल, तर ‘क्विक फॉरमॅट’वर विसंबू नये. त्यात फक्त यादी पुसली जाते. आधार कार्डाची प्रत, बँकेची विवरणे, फोटो तिथेच राहतात आणि साध्या सॉफ्टवेअरने परत मिळू शकतात. विंडोजमध्ये ‘क्विक’चा पर्याय काढून पूर्ण फॉरमॅट केल्यास संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. त्याला काही तास लागतात, पण घरगुती गरजेसाठी ते पुरेसे असते.

बंद पडलेली डिस्क कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे लागायला हवी. आणि काम दुकानात करून घेतले असेल, तर बिलासोबत जुनी डिस्क मागून घ्यावी. ‘आता ती काय कामाची’ असे म्हणून अनेक जण ती काउंटरवरच सोडून येतात. पण घराची अनेक वर्षांची कागदपत्रे तिच्यातच असतात.